साडेतीनशे रुपयांचा स्पार्क टेस्टर, १९८३ची बुलेट आणि आठ महिने

आधी वस्तू काय ते सांगतो. प्लगला मिळणाऱ्या ठिणगीत किती जोर आहे ते तपासायचं साधन. बोटाएवढी प्लास्टिकची नळी. तिच्यात समोरासमोर दोन टोकं, त्यातलं एक पितळी स्क्रूने मागेपुढे होतं. एका बाजूला प्लगची कॅप बसते, दुसऱ्या बाजूला अर्थची क्लिप. नळीवर मिलिमीटरच्या खुणा. कंपनीचं नाव कुठेही नाही. ऑनलाइन साडेतीनशेच्या आसपास मिळाला. डिसेंबरमध्ये घेतला, तेव्हापासून आमच्या बुलेटवर आणि ओळखीतल्या दोनतीन गाड्यांवर वापरतोय.

घ्यायची वेळ का आली, तर पसरणी घाट. आम्ही वाईचे. अण्णांची बुलेट ३५०, सहा व्होल्टची, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं, ती उघडली की ठिणगी). सुरूर फाट्यापर्यंत सपाट रस्त्यावर गाडी अगदी शहाण्यासारखी चालायची. सकाळी दुसऱ्या किकला चालूही व्हायची. पण पाचगणीकडे चढायला लागलं आणि थ्रॉटल जरा जास्त उघडला की मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून इंजिन अडखळायचं. थ्रॉटल मिटला की पुन्हा ठीक. कार्बोरेटर दोनदा साफ झाला, काही फरक नाही. मग गॅरेजवाल्याने निदान केलं, "करंट कमी येतोय," म्हणजे ठिणगी कमजोर. निदान बरोबर होतं, हे आज मान्य करतो. उपाय मात्र अंदाजपंचे झाले: आधी प्लग, मग कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू न देणारा), मग पॉइंट, शेवटी कॉइल (व्होल्टेज वाढवून ठिणगी देणारी). प्रत्येक वेळी प्लग काढून हेडवर टेकवायचा, किक मारायची आणि "बघा, येतोय की निळा!" म्हणायचं. घाटात गाडी पुन्हा तेच करायची.

त्या परीक्षेत नापास होणंच अवघड असतं, हे मला टेस्टर हातात आल्यावर कळलं. उघड्या हवेत ठिणगीला एक मिलिमीटर उडी मारायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. प्लगचा गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बाहेर काढलेल्या प्लगला दोन-अडीच हजार व्होल्टही पुरतात. तोच प्लग इंजिनमध्ये दाबाखाली गेला की त्याच गॅपला कित्येक पट व्होल्टेज लागतं, आणि चढावर थ्रॉटल उघडला की आत मिश्रण जास्त जातं, दाब आणखी वाढतो. त्यामुळे मरतुकडा करंट गॅरेजच्या दारात पास होतो आणि घाटात झोपतो. रंगाचंही तसंच. दुपारच्या उन्हात पिवळसर आणि निळा यात भांडत बसण्यात अर्थ नाही.

टेस्टरमध्ये गॅप वाढवत न्यायचा आणि ठिणगी कुठपर्यंत न चुकता उडते ते पाहायचं, एवढंच काम. पॉइंटवाल्या निरोगी गाडीत सहा मिलिमीटर तरी उडायला हवी असा माझा हिशोब. आमची तीनला उडायची, चारला तीन किकांत एकदा. पाचला अंधार. नवी कॉइल, नवा कंडेन्सर, नवे पॉइंट असताना!

वापरायची पद्धत सांगतो, कारण सोबतच्या कागदावर ती नीट नाही. प्लग जागेवरच राहू द्या, फक्त कॅप काढून टेस्टरला लावा. डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर दाबून किक मारली की पायाला त्रास नाही. प्लग काढून ठेवला तर त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी, हा खेळ नको. क्लिप सिलिंडरच्या रंगवलेल्या पंखांना लावू नका. मी पहिल्या दिवशी तीच चूक केली आणि अर्धा तास उगाच घाबरलो. हेडच्या नटावर लावा. आणि क्लिप न लावता किक कधीच मारायची नाही. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते.

आता मुख्य गोष्ट. टेस्टर करंट कमी आहे हे सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही. त्यासाठी मल्टिमीटर लागला. तोही गॅरेजवाल्याने लावला होता बरं का. चावी फिरवली, कॉइलवर मोजलं, सहा व्होल्टच्या वर आकडा आला, "सप्लाय ओके." पण त्या वेळी पॉइंट उघडे होते! पॉइंट उघडे असताना कॉइलमधून करंटच वाहत नाही, मग वाटेतल्या खराब जोडावर व्होल्टेज पडणार कुठून? नळ बंद असताना पाइपातला कचरा कळत नाही, तसं. मी किक हळूहळू दाबत पॉइंट मिटवले आणि पुन्हा मोजलं. बॅटरीवर ६.२, कॉइलवर ४.५. वाटेत १.७ व्होल्ट गायब.

बारा व्होल्टच्या गाडीत एवढी गळती कदाचित खपून गेली असती. सहामध्ये ती पाव हिश्शाहून जास्त होते. आणि कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे व्होल्टेज ७३ टक्के, करंट ७३ टक्के, पण ऊर्जा जेमतेम ५३ टक्के. कॉइल बदलून हे कसं सुधारणार होतं?

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर ठेवून दुसरी एकेका जोडावर सरकवत गेलो. पॉइंट मिटलेलेच, चावी चालू, पण दर वेळी अर्ध्या मिनिटात बंद, नाहीतर कॉइल तापते. अँमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरच्या) मागच्या सैल नटावर ०.४, तारांमध्ये मिळून ०.२, आणि चावीच्या स्विचमध्ये तब्बल १.१ व्होल्ट. हेडलाइट उघडून स्विच बाहेर काढला तर आतली पितळी पट्टी काळी पडलेली, स्प्रिंग मेलेली. वर नव्या पॉइंटवर ०.३ सापडले ते वेगळे. नव्या पॉइंटवर गंज चढू नये म्हणून तेलकट थर असतो, तो पुसायचा असतो. कुणी पुसलाच नव्हता. पेट्रोलमध्ये बुडवलेला जाड कागद पॉइंटच्या मधून ओढला, मग कोरडा कागद, झालं. कागद ओढल्यावर फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, पॉइंटचा गॅप पुन्हा पाहिला, तो ०.३५ ते ०.४० मिमी हवा.

स्विच घासून, पट्टी थोडी वाकवून, नट आवळून पुन्हा मोजलं: कॉइलवर ५.९. टेस्टरचा गॅप साडेसहा, ठिणगी एकदाही चुकली नाही, आणि आवाज बदलला. आधी टिक् यायचा, आता टचाक्.

यात एक लाजिरवाणी गोष्ट आहे. बुलेटवाल्यांना अँमीटरचा काटा बघून किक मारायची सवय असते. पॉइंट मिटले की काटा वजाकडे जातो, उघडले की मध्ये येतो. काटा मध्ये आला की पिस्टन जागेवर, मग डीकॉम्प्रेशन आणि किक. अण्णांनी मला हेच शिकवलं. गेली दोन वर्षं ते म्हणत होते, "काटा आळशी झालाय रे." मी म्हणायचो, मीटर जुना झालाय. काटा वजा साडेतीन अँपिअरच्या जवळ जायला हवा होता, तो अडीचवरच थांबायचा. सगळं निदान डोळ्यांसमोर रोज हलत होतं, फुकट.

मग टेस्टरची गरज होती का? माझ्या मते होती. काट्याकडे बघायला मला टेस्टरनेच भाग पाडलं. शिवाय काढून टाकलेली जुनी कॉइल मी परत लावून पाहिली, तीही साडेसहा मिलिमीटर देते. आता ती डिकीत स्पेअर आहे. गॅरेजमध्ये गेलेले पैसे परत येत नाहीत, ते असो.

कंडेन्सरला मात्र सरसकट निर्दोष ठरवू नका. मार्चमध्ये शेजारच्या काकांची चेतक आली. गार असताना पाच मिलिमीटर ठिणगी, पंधरा मिनिटं फिरवून आणल्यावर दोनलाही नाही. गाडी गरम असतानाच टेस्टर लावल्यामुळे हे सापडलं. गार झाल्यावर तपासली असती तर सगळं उत्तम दिसलं असतं. नवा कंडेन्सर टाकला, गरम असतानाही पाच. चेतकला फ्लायव्हील मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीची वीज बॅटरीतून नाही तर फिरत्या चुंबकातून, असल्यामुळे किक किती जोरात बसली यावरही ठिणगी बदलते. काकांच्या किकला चार, त्यांच्या मुलाच्या किकला पाच. तेव्हा दोन मोजमापांची तुलना करायची तर पाय एकाचाच ठेवा.

आता टेस्टरच्या तक्रारी. खुणा खोट्या आहेत. नळीवर सहा दिसतं तेव्हा खरा गॅप पाच असतो. मी ड्रिल बिटचा मागचा दांडा मध्ये घालून तपासलं आणि मार्करने स्वतःच्या खुणा केल्या. वर दिलेले आकडे माझ्या खुणांचे आहेत. स्क्रू तिसऱ्या महिन्यात सैल झाला, किकच्या धक्क्याने गॅप आपोआप वाढायला लागला. एक नट चढवून लॉक केला. पावसाळ्यात तर वेगळीच गंमत. जूनमध्ये चांगल्या गाडीची ठिणगी चारवर अडली. बघतो तर ती टोकांच्या मधून न जाता दमट प्लास्टिकच्या पृष्ठभागावरून सरपटत होती. आता कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय लावत नाही, आणि ठेवतो बिस्किटाच्या डब्यात. क्लिपची स्प्रिंग जुलैत गेली, तिथे बॅटरीची मगरक्लिप लावली.

दिव्यावाला टेस्टरही मी आधी घेतला होता, कॅप आणि प्लगच्या मध्ये बसणारा, ठिणगी पडली की पेटणारा. तो तीन मिलिमीटरच्या मरतुकड्या ठिणगीलाही तितक्याच उत्साहाने पेटतो. करंट आहे की नाही एवढंच कळतं, किती आहे ते नाही. घेऊ नका. टायमिंगबद्दल मात्र दोन्ही गप्प. आमच्या बुलेटमध्ये पॉइंट पिस्टन वर पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी उघडायला हवेत, ते वेगळं बघावंच लागतं.

पसरणी घाट आता तिसऱ्या गिअरमध्ये न मिसता चढतो. गेल्या आठवड्यात पुन्हा मोजलं तर स्विचमध्ये ०.६ व्होल्ट दिसले. घासलेली पट्टी किती दिवस टिकणार. नवा स्विच आणून ठेवलाय, पण त्याची चावी वेगळी, आणि अण्णा १९८३ची चावी सोडायला तयार नाहीत. तोवर दर महिन्याला हेडलाइट उघडतोय.