सिंगापूरचे बंकर: मोजमाप चोख, नमुन्यात हयगय

सिंगापूरच्या अँकरेजवर, म्हणजे जहाजे नांगर टाकून थांबतात तिथे, आमच्या जहाजाने नुकतेच साडेचारशे टन बंकर, म्हणजे जहाजाचे इंधन, घेतले. पुरवठादाराचे नाव देत नाही, पण त्याच्या सेवेबद्दल चीफ इंजिनीअर म्हणून लिहिणे भाग आहे.

मोजमापाबद्दल तक्रार नाही. २०१७ पासून तेथे मास फ्लो मीटर (पाइपातून जाणाऱ्या इंधनाचे थेट वजन मोजणारे यंत्र) सक्तीचा असल्यामुळे टाक्यांची मापे घेऊन टनांवरून हुज्जत घालण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. मीटरचे सील आणि सुरुवातीचा व शेवटचा आकडा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि तो विषय मिटला.

इंधनाचा दर्जा तपासण्यासाठी घ्यायच्या नमुन्याच्या बाबतीत मात्र पदोपदी टोकावे लागले. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टाखालील मार्गदर्शक सूचनांनुसार नमुना इंधन घेणाऱ्या जहाजाच्या मॅनिफोल्डवर (होज जोडतात त्या पाइपाच्या तोंडाशी), पंप सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत, थेंबाथेंबाने जमवायचा असतो. बार्जच्या, म्हणजे इंधन आणून देणाऱ्या बोटीच्या, टाकीतून एकदाच काढलेली बाटली आमच्या पाइपातून प्रत्यक्ष काय गेले ते सांगू शकत नाही. बार्जच्या माणसाने सॅम्पलर (नमुना काढण्याचे साधन) योग्य जागी बसवला खरा, पण थेंबांचा वेग ठरवणारा त्याचा निडल व्हॉल्व्ह एवढा उघडा ठेवला की पाव तासातच पाच लिटरचा डबा तिसरा हिस्सा भरला. आमच्या फोर्थ इंजिनीअरने तो आवळला नसता, तर पाच तासांच्या पुरवठ्याचा नमुना पहिल्या तासाभरातच संपला असता. पुढे पंप चालू असतानाच नमुन्याच्या बाटल्यांच्या कोऱ्या लेबलांवर माझी सही मागितली गेली. ती अर्थातच दिली नाही. शेवटी डबा न हलवताच त्यातून एकेक बाटली काठोकाठ भरायला सुरुवात झाली, तेव्हा सगळे परत डब्यात ओतायला लावले आणि डबा नीट हलवून प्रत्येक बाटलीत आळीपाळीने थोडे थोडे भरून घेतले.

हा काटेकोरपणा कोणाला जाच वाटेल. परंतु २०२२ च्या सुरुवातीला याच बंदरात क्लोरिनयुक्त सेंद्रिय संयुगांनी दूषित झालेले इंधन सुमारे २०० जहाजांना गेले आणि त्यांतल्या ८० च्या आसपास जहाजांनी पंप व इंजिनांच्या तक्रारी केल्या. तेव्हाच्या नेहमीच्या चाचण्यांत ही संयुगे सापडत नव्हती. अशा वेळी नव्याने तपासायला हाताशी उरते ती सीलबंद बाटलीच, म्हणून मार्पोल नमुना इंधन बहुतांशी संपेपर्यंत, आणि कोणत्याही परिस्थितीत निदान १२ महिने, जपून ठेवावा लागतो.

बार्जवरची माणसे सौजन्याने वागली, होजही स्वच्छ होता, त्यामुळे या पुरवठादाराकडून पुन्हा इंधन घ्यायला माझी हरकत नाही. फक्त मॅनिफोल्डवर आमचा माणूस पूर्ण वेळ उभा राहील. यावेळी एका बाटलीचा सील क्रमांक बंकर डिलिव्हरी नोटवर (इंधन दिल्याच्या पावतीवर) चुकीचा पडला होता. दुरुस्त नोट हाती येईपर्यंत आम्ही बार्जचे दोर सोडले नाहीत.