दूरचे वापरकर्ते: रस्ता विकत घ्यावा की सर्व्हर हलवावा?

दुसऱ्या खंडातले वापरकर्ते अ‍ॅप रखडतं म्हणू लागले की तीन पर्याय समोर येतात. आहे ते सार्वजनिक इंटरनेट चालू ठेवायचं, क्लाउड कंपनीचं खासगी नेटवर्क जादा पैसे मोजून वापरायचं, किंवा त्या भागातच सर्व्हर उभा करायचा.

दरपत्रक उघडण्याआधी एक गणित करा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १,००० किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. नेहमीच्या काचेच्या फायबरवर याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही. आता वापरकर्त्याच्या बाजूने पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, मोजा. आकडा या हिशेबाच्या आसपास असेल तर दुखणं अंतराचं आहे. दुप्पट-तिप्पट असेल तर बहुधा रस्त्याचं.

रस्ता किती वाकडा असू शकतो याचं नामी उदाहरण म्हणजे अंगोला आणि ब्राझील. मधे फक्त दक्षिण अटलांटिक, पण २०१८ पर्यंत दोघांना थेट जोडणारी केबलच नव्हती. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा गठ्ठा, युरोप-अमेरिकेमार्गे फिरून यायचं. त्या वर्षी सुमारे ६,२०० किलोमीटरची साक्स केबल सुरू झाली आणि लुआंडा ते फोर्टालेझा ही फेरी ६३ मिलिसेकंदांच्या आसपास आली. वरचं गणित करून बघा, जवळजवळ तितकंच येतं. गंमत पुढेच आहे. युरोपातून अंगोलाकडे जाणारी काही वाहतूक या नव्या केबलच्या मोहात पडून आधी ब्राझीलला जाऊ लागली आणि पूर्वीपेक्षा मंदावली. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

याला कारण बीजीपी. नेटवर्कं एकमेकांना रस्ते सांगतात ती याच प्रोटोकॉलने, आणि त्याला मिलिसेकंद कळत नाहीत. आधी पाहिलं जातं ते नेटवर्क चालवणाऱ्याचं धोरण, म्हणजे बहुतेकदा कोणाकडून पैसे मिळतात आणि कोणाला द्यावे लागतात. मग वाटेत किती नेटवर्कं लागतात ते. एकच मोठं नेटवर्क अख्खा महासागर दोनदा ओलांडून गेलं तरी मोजणीत ते एकच. शिवाय परक्याचं पॅकेट गरम बटाट्यासारखं लवकरात लवकर दुसऱ्याच्या गळ्यात घालणं प्रत्येकालाच स्वस्त पडतं.

सार्वजनिक इंटरनेट म्हणून वाईट असतंच असं नाही. तुमच्या होस्टिंग कंपनीचं तिकडच्या ऑपरेटरांशी थेट पीअरिंग, म्हणजे मधे तिसरा न घेता केलेली जोडणी, असेल तर ते छान चालतं. मात्र तिथला एक ऑपरेटर झकास आणि दुसरा रडका, असा अनुभव येतो. म्हणून एकाच कनेक्शनवरून निष्कर्ष काढू नका. पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारं साधन, ट्रेसराउट, फक्त जाण्याची वाट दाखवतं हेही लक्षात ठेवा. परतीची वेगळी असू शकते, म्हणून ते दोन्ही टोकांकडून चालवा.

खासगी नेटवर्क म्हणजे पॅकेट वापरकर्त्याजवळच आत घ्यायचं आणि पुढचा प्रवास स्वतःच्या केबलवरून करायचा. गूगल क्लाउडने २०१७ मध्ये यासाठी दोन दर्जेच जाहीर केले: प्रीमियममध्ये वाहतूक गूगलच्या जाळ्यात राहते, स्टँडर्डमध्ये सर्व्हरच्या आसपासच बाहेर पडते. यातून वळसा जातो, अंतर जात नाही. तुमचा आकडा आधीच किमान मर्यादेजवळ असेल तर माझ्या मते हे पैसे पाण्यात.

तिसरा पर्याय अंतरालाच हात घालतो. चित्रं, व्हिडिओ, स्क्रिप्ट यांच्यासाठी सीडीएन, म्हणजे वापरकर्त्यांजवळ प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांचं जाळं, पुरतो आणि तो बेलाशक घ्यावा. यात विचार करण्यासारखं फारसं नाही. सीडीएन एरवीही उपयोगी पडतो: कनेक्शन जोडण्याची (टीसीपी) एक फेरी आणि ते सुरक्षित करण्याची (टीएलएस १.३) एक फेरी जवळच्या जवळ उरकते.

खरी चूक होते ती अ‍ॅप सर्व्हर हलवताना. अ‍ॅप तिकडे आणि डेटाबेस इकडेच, अशी विभागणी केली, एका पानासाठी डेटाबेसला एकामागोमाग दहा क्वेरी (विचारणा) कराव्या लागत असतील आणि फेरी २०० मिलिसेकंदांची असेल, तर नुसत्या वाट पाहण्यात दोन सेकंद जातात. आधी हाच समुद्र एकदा ओलांडायचा होता. तेव्हा डेटाबेसची निदान वाचण्यापुरती प्रत तिकडे नेणार असाल तरच अ‍ॅप हलवा. नाहीतर ते डेटाबेसशेजारीच राहू द्या.