पापाकिलो : गुहागरहून हवाईची वंशावळ शोधताना

माझी मुलगी हवाई बेटांवरील हिलो येथे असते आणि जावई तिथल्या मूळ हवाईयन घराण्यातले आहेत. हवाईत मुलाचा पहिला वाढदिवस मोठ्या थाटाने करतात, तेव्हा नातीच्या वाढदिवसाला दोन्हीकडची वंशावळ मांडायची असे ठरले. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत घरातच असल्यामुळे माझे काम आठवड्यात आटोपले. विहीणबाईंच्या बाजूसाठी मात्र आम्ही दोघी गेले चार महिने ‘पापाकिलो’ हा ऑनलाइन नोंदसंग्रह वापरत आहोत. ऑफिस ऑफ हवाईयन अफेअर्स या संस्थेने उभारलेला हा संग्रह विनामूल्य आहे.

आधी आम्ही एका सशुल्क संकेतस्थळाकडून तयार वंशवृक्ष घेतला होता. त्यात एका ठिकाणी बाप आणि मुलगा यांच्या वयात नऊच वर्षांचे अंतर निघाले, कारण हिलोचा केआलोहा आणि त्याच बेटाच्या कोना भागातला केआलोहा यांना एकच माणूस धरले होते. केआलोहा म्हणजे ‘प्रेम’. हे नाव पुरुषाचेही असते आणि बाईचेही, शिवाय ते फार प्रचलित आहे.

ही गुंतागुंत समजून घेतल्याखेरीज कोणताही संग्रह कामाचा नाही. पूर्वी हवाईयन माणसाला एकच नाव असे, आडनाव नसे. 1860 साली राजा चौथा कामेहामेहा याच्या कारकिर्दीत कायदा झाला आणि पुढे जन्मणाऱ्या मुलांना ख्रिस्ती पहिले नाव व आडनाव म्हणून बापाचे नाव लावणे बंधनकारक झाले. आपल्याकडे बापाचे नाव मधे लागते आणि पुढच्या पिढीत बदलते. तिथे ते आडनाव होऊन कायमचे चिकटले. त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावे वेगवेगळी निघू शकतात. ख्रिस्ती पहिल्या नावाची सक्ती 1967 साली उठली, तोवर हवाईयन नाव बहुधा मधल्या नावाच्या जागी जपले गेले.

म्हणून आडनावाचा माग सोडून जमिनीचा माग धरावा लागतो आणि पापाकिलोचे खरे मोल मला तिथेच जाणवले. 1848 च्या ‘महेले’ या जमीनवाटपाच्या सुमारास सामान्य कुळांनी आपापल्या वहिवाटीवर हक्क सांगितले. त्या जबान्या इथे शोधता येतात. आम्हाला सापडलेल्या जबानीत शेजाऱ्याने सांगितले आहे की ही जमीन या माणसाला त्याच्या आईवडिलांकडून आली, आणि पुढे चतुःसीमा दिली आहे : ‘माउका’ म्हणजे डोंगराच्या बाजूला कोण, ‘मकाई’ म्हणजे समुद्राच्या बाजूला कोण. जुन्या खरेदीखतांतल्या चतुःसीमा वाचत मोठी झालेली मी तो कागद पाहून अक्षरशः गहिवरले. शेजाऱ्यांची नावे जुळली आणि आमचा केआलोहा हिलोचाच, हे पक्के झाले.

दुसरा ठेवा हवाईयन भाषेतील वृत्तपत्रांचा. ती 1834 पासून 1948 पर्यंत निघत होती आणि त्यांत ‘कानीकाऊ’ ही मृतासाठी रचलेली शोकगीते छापली जात. त्यांत गेलेला माणूस कुठे कुठे राहिला, तिथला पाऊस कोणता, वारा कोणता, हे नावानिशी येते. कोरड्या मृत्यूनोंदीत हे कधीच मिळायचे नाही. भाषा येत नसेल तर जाणकार सोबत हवा. आमच्याकडे विहीणबाईंनी एकेक ओळ मला फोनवर अर्थासह वाचून दाखवली.

नोंदी वाचताना ‘हानाई’ प्रथाही ध्यानात ठेवावी. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे वाढवायला देत, पण जन्मदात्यांशी नाते तुटत नसे. म्हणून कागदावरचे आईबाप सांभाळणारे की जन्म देणारे, हे दर वेळी तपासावे लागते. घाईत तयार वृक्ष हवा असणाऱ्यांनी इकडे वळू नये. चिकाटी असेल आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून मग शोधायची तयारी असेल, तर मी हा संग्रह निःशंकपणे सुचवेन.

आमच्या वंशावळीत आता सहा पिढ्या लागल्या आहेत. नातीला जिचे नाव दिले, त्या पणजीच्या आजीची आई हानाई होती की सख्खी, एवढे ठरायचे आहे. तोवर विहीणबाईंनी ती जागा पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.