डेकवरची काळी बुरशी: साबण, ऑक्सिजन ब्लीच, क्लोरिन की पॉवर वॉशर?

एप्रिलमध्ये न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडे ग्रिलवरचं कव्हर निघतं आणि त्याच दिवशी डेकवरचे, म्हणजे घरामागच्या फळ्यांच्या ओट्यावरचे, काळे ठिपके डोळ्यांत भरतात. ‘कंपोझिट आहे, काही बघावं लागत नाही’ असं सांगून डेक गळ्यात मारलेला असतो. लाकडासारखा कुजत नाही, दर दोन-तीन वर्षांनी रंगवावा लागत नाही, पोरांच्या पायात कुसळं जात नाहीत, इथपर्यंत ते खरंच आहे. बुरशी येत नाही, हे मात्र खरं नाही.

दुकानात गेलात की इलाज ढीगभर. पण त्याआधी घरीच दोन गोष्टी बघून घ्या, कारण सगळं त्यांवर अवलंबून आहे.

पहिली, फळी कुठल्या पिढीची आहे. कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक, साधारण निम्मं-निम्मं. ढोबळमानाने २०१०च्या आधी बसवलेल्या बहुतेक डेकमध्ये हे मिश्रण तसंच उघडं असतं. वरच्या थरातला भुसा पाणी पितो आणि बुरशीला जेवणपाणी एकाच पानात मिळतं. त्यानंतर ‘कॅप्ड’ फळ्या रुळल्या, म्हणजे त्याच गाभ्यावर प्लॅस्टिकची साल. पायऱ्यांपाशी वाकून फळीचं कापलेलं टोक बघा. कडेने वेगळ्या रंगाची पातळ साल दिसली तर कॅप्ड. काहींना ती तीनच बाजूंनी असते, खालची बाजू उघडी. कॅप्ड फळीवरची बुरशी फळी खात नाही. ती फळीवर साचलेले परागकण, कुजलेली पानं आणि तेलकट मळ यांवर जगते. म्हणून सहज निघते, आणि म्हणूनच पुन्हा येते.

दुसरी गोष्ट, ती बुरशीच आहे का. कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर घरगुती ब्लीचचा एक थेंब टाका आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. ठिपका फिका पडला तर बुरशी. ढिम्म राहिला तर मळ, गंज किंवा ओकच्या पानांचा डाग. गंज आणि पानांच्या डागांना ऑक्झॅलिक आम्लाचं क्लीनर लागतं, ब्लीच कितीही ओता.

आता इलाज. कॅप्ड फळी असेल तर भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि मऊ नायलॉनचा लांब दांड्याचा ब्रश एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागतं. तारेचा ब्रश नको, ओरखडे पडतात. घासायचं ते फळीच्या रेषांच्या दिशेने, आणि फेस वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचं. अर्धा डेक घासून चहाला गेलात तर तेच मळकं पाणी वाळून नवा थर बसतो आणि ‘साबणाने काही होत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

जुन्या उघड्या फळीवर साबण वरवरचा मळ काढतो, नक्षीच्या खाचांतले ठिपके तसेच राहतात. तिथे माझं मत ऑक्सिजन ब्लीचला. ही पांढरी पूड म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात पडली की तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. पेरॉक्साइड बुरशी मारतं, सोडा मळ सैल करतो. कोमट पाण्यात डब्यावर लिहिलेल्या मापाने पूड विरघळवा, ढगाळ सकाळी डेकवर पसरा, १५-२० मिनिटं ओलं ठेवा, घासा, धुवा. हे द्रावण काही तासांत निकामी होतं, त्यामुळे लागेल तेवढंच करा. उरलेलं झाकणबंद बाटलीत ठेवू नका, वायू कोंडून बाटली फुटू शकते. तोटा एवढाच की वेळ लागतो, आणि फारच मुरलेल्या डेकला दुसरा हात द्यावा लागतो. गुलाबाच्या वाफ्याशेजारी मात्र क्लोरिनपेक्षा हे किती तरी बरं.

क्लोरिन ब्लीच, म्हणजे तेच घरगुती ब्लीच, झटपट आहे, यात वाद नाही. बादलीभर स्वस्त मिळतं आणि काळं पांढरं होताना डोळ्यांदेखत दिसतं. पण जुन्या फळीचा रंगही त्याबरोबर उडू शकतो, आणि पांढुरके पट्टे पडलेला डेक ठिपक्यांच्या डेकपेक्षा जास्त खटकतो. खालच्या चौकटीची लाकडं धरणारे लोखंडी हँगर आणि स्क्रू गंजतात, कडेची झाडं करपतात. वापरायचंच तर पातळ करून, थोड्या जागेवर, लगेच धुऊन. व्हिनेगर किंवा अमोनियावालं क्लीनर त्यात चुकूनही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. नुसतं व्हिनेगर डाळीच्या पातेल्याला ठीक, अख्ख्या डेकपुढे त्याची ताकद फारशी चालत नाही.

पॉवर वॉशरचा, म्हणजे जोराने पाणी मारणाऱ्या यंत्राचा, मोह सगळ्यात मोठा. शेजारी चालवताना दिसला की शनिवार-रविवारी आपणही भाड्याने आणतो. ओल्या डेकवर रेघ मारल्यासारखी स्वच्छ पट्टी उमटते, ती बघायला मजाही येते. पण उघड्या फळीवर तो जोर बुरशीबरोबर वरचा थरही खरवडतो. भुसा आणखी उघडा पडतो, फळी लवदार होते आणि पुढच्या वर्षी बुरशी दुपटीने धरते. पैसे देऊन रोग विकत घ्यायचा हा प्रकार. काही डेक-कंपन्या १५०० पीएसआयच्या (पाण्याच्या दाबाचं माप) वर जाऊ देत नाहीत. काही जण कॅप्ड फळीला ३१००पर्यंत चालेल म्हणतात, तेही पंख्यासारख्या फवाऱ्याच्या नोझलने आणि निदान ८ इंच अंतर ठेवून. तुमच्या फळीचा आकडा वॉरंटीच्या कागदात असतो, तो आधी वाचा. माणूस बोलावून काम करून घेणार असाल तर त्यालाही दाखवा. शंका असेल तर बागेची नळी पुरे.

बुरशी पुन्हा येऊ द्यायची नसेल तर मात्र पाणी आणि अन्न या दोनच गोष्टी तोडायच्या. दोन फळ्यांमधल्या फटी पानांनी बुजल्या की पाणी तुंबतं; एखाद्या पातळ पट्टीने त्या मोकळ्या करा. डेकच्या खाली चहूबाजूंनी फळ्या ठोकून बंद केलं असेल तर जाळी बसवा, वारा खेळू द्या. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट हमखास असते: उन्हाळ्यात बाहेर आणलेल्या तुळशीच्या आणि कढीपत्त्याच्या कुंड्या. रोज पाणी घालतो, थाळीत ते साचतं, आणि सप्टेंबरअखेर कुंडी आत घेताना खाली काळं कडं दिसतं. कुंडीला पाय असलेलं स्टँड द्या. रबरी पाठीचा गालिचाही तसाच, खालची ओल धरून ठेवतो. आणि घरात वास नको म्हणून बाहेर भजी तळत असाल (सगळेच तळतात) तर शेगडीखाली मॅट टाका, सांडलेलं तेल त्याच दिवशी साबणाने काढा.

वर्षातून दोनदा धुणं पुरतं: परागकणांचा पिवळा थर बसून गेल्यावर, आणि पानगळ आटोपल्यावर. सीलरच्या (वरून लावायच्या संरक्षक लेपाच्या) नादी कॅप्ड फळीवर लागू नका, तो आत मुरत नाही आणि पापुद्रे सुटतात.

डेकलगत लाकडी मल्च (झाडांच्या बुडाशी टाकतात तो लाकडाचा चुरा) पसरलेलं असेल तर एक वेगळाच उपद्रव होतो. रेलिंगवर आणि साइडिंगवर (घराच्या भिंतीच्या बाहेरच्या आवरणावर) डांबराचे शिंतोडे उडाल्यासारखे टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसतात. ही बुरशी मल्चमध्ये वाढते आणि आपले बीजाणू कित्येक फूट लांब उडवते, तेही उजेडाच्या दिशेने. म्हणून पांढऱ्या भिंतीवर ते जास्त. तिचं नावच आर्टिलरी फंगस. ब्लीचच्या दोन्ही प्रकारांना ती दाद देत नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं तरी तपकिरी डाग उरतो. पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मल्चमध्ये ४० टक्के वापरलेलं मशरूम कंपोस्ट (मशरूम पिकवून झाल्यावर उरणारं खत) मिसळण्याचा उपाय सुचवला आहे. मी तर म्हणेन, डेकच्या कडेला खडीच घाला.

पुण्या-मुंबईच्या टेरेसवर आणि गोव्याच्या बंगल्यांतही आता याच जातीच्या डब्ल्यूपीसी (वुड-प्लॅस्टिक कंपोझिट) फळ्या दिसतात. हिशोब तोच, फक्त जुलै-ऑगस्टमध्ये फळी वाळायलाच सवड मिळत नाही. त्यामुळे भर पावसात घासत बसण्यापेक्षा तेव्हा गच्चीचा उतार आणि फळ्यांखालून पाणी जायची वाट मोकळी ठेवा, आणि खरी धुलाई दसऱ्याच्या सुमारास करा.

राहिला फळ्याच बदलण्याचा प्रश्न. कॅप्ड डेक असेल तर बुरशीपायी तो विचार सोडून द्या. जुना उघडा डेक दर वर्षी ऑक्सिजन ब्लीचनंतरही उन्हाळा संपायच्या आत काळा पडत असेल, तर खालची चौकट तपासा. जॉइस्टमध्ये, म्हणजे फळ्यांना खालून आधार देणाऱ्या आडव्या लाकडांत, स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. लाकूड टणक असेल आणि दोन जॉइस्टमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांच्या आत असेल, तर बहुधा नुसत्या वरच्या फळ्या बदलून भागतं. पायऱ्यांना आणखी जवळ आधार लागतो. स्क्रूड्रायव्हर आत रुतला तर क्लीनरची बाटली परत करा आणि कंत्राटदाराकडून चौकटीसकट अंदाजपत्रक घ्या.