स्क्रीन बदलायला दिलेला फोन आणि मावशीला गेलेला मेसेज

मावशीला मेसेज आला तो अनोळखी नंबरवरून, पण डीपी माझाच होता. "मावशी, हा माझा नवीन नंबर. बाबांना ॲडमिट केलंय, पैसे कमी पडताहेत." खाली बाबांच्या हृदयाच्या तपासणीचा रिपोर्ट, त्यांच्या नाव-वयासकट. मावशीने लगेच पैसे पाठवले. कोणीही पाठवले असते, कारण रिपोर्ट खरा होता.

त्या रिपोर्टचा फोटो मी काढून ठेवला होता, पण कोणालाही पाठवला नव्हता. म्हणजे तो थेट माझ्या गॅलरीतून बाहेर गेला. आणि फोन माझ्या हाताबाहेर गेला होता तो एकदाच, फुटलेली स्क्रीन बदलायला दिला तेव्हा. दुरुस्तीवाल्याने लॉकचा पिन मागितला. "टच चेक करावा लागतो, नाहीतर गॅरंटी देता येत नाही," असं म्हणत त्याने तो पावतीवरच लिहून घेतला.

ही निव्वळ थाप आहे. लॉक न उघडताही इमर्जन्सी कॉलच्या आकड्यांवर टच तपासता येतो, कॅमेराही बहुतेक फोनमध्ये तसाच उघडतो. बाकी काही बघायचं असेल तर मालकाने समोर उभं राहून लॉक काढून द्यावं.

मी सेटिंग्जमध्ये स्क्रीन टाइम उघडला. कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला कोणतं ॲप चालू होतं, हे तिथे दिसतं. फोन दुकानात होता त्या दुपारी गॅलरी बराच वेळ उघडी होती. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये एक कॉम्प्युटर जोडलेला होता, जो आमच्या घरातला नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की हे काही सेकंदांत होतं, आणि फोन परत मिळाला तरी मेसेज तिकडे दिसतच राहतात. मी दुकानात जाऊन हे दाखवलं, तर "आमचा काय संबंध?" एवढंच उत्तर मिळालं. संताप होतो, अजूनही.

पिन म्हणजे फक्त दाराची कडी नाही. अँड्रॉइडमध्ये गूगलने साठवलेले पासवर्ड त्याच पिनवर उघडे दिसतात. ओळखपत्राचे फोटो, बँकेचे स्क्रीनशॉट, मुलांचे फोटो, सगळं त्याच आकड्यांमागे असतं. पासवर्ड बदलता येतो, पण बाहेर गेलेला ओळखपत्राचा फोटो परत घेता येत नाही. हे माझ्याच बाबतीत घडलं असंही नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम 16 ठिकाणी लॅपटॉप दुरुस्तीला दिले, तर 6 ठिकाणी खासगी फाइली चाळल्या गेल्या आणि 2 ठिकाणी त्यांची कॉपीही झाली.

सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे. तो चालू केला की फोन चालतो, पण तुमचं काहीच दिसत नाही, आणि तो बंद करायला तुमचंच लॉक लागतं. स्क्रीन थोडी जरी चालत असेल तर फोन देण्याआधी हे करा. तशी सोय नसेल तर बॅकअप घेऊन फोन कोरा करून द्या. पिनसाठी अडून बसणाऱ्याकडून फोन उचला आणि निघा.

फोन परत आल्यावर लिंक्ड डिव्हायसेस त्याच दिवशी बघा. संशय आला तर घाबरून लगेच रीसेट करू नका. वापराची ती नोंदही त्याबरोबर पुसली जाते. आधी स्क्रीन टाइम आणि जोडलेल्या डिव्हायसेसचे स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे ठेवा, पावती जपा, मग अनोळखी डिव्हाइस काढून टाका, पासवर्ड बदला आणि पोलिसांत तक्रार करा.