कॅटलिनाचे केल्पवन की तेलाचे प्लॅटफॉर्म?

लॉस एंजेलिसजवळ डायव्हिंगसाठी एकच मोकळा दिवस हाताशी असेल, तर कॅटलिना बेटावरच्या कॅसिनो पॉइंटला जावे की लाँग बीचसमोरच्या एलन, एली आणि युरेका या तेलाच्या प्लॅटफॉर्मपाशी उतरावे, असे मला अनेकदा विचारले जाते. मी दोन्हीकडे उतरलो आहे आणि दोन्हींची बाजू घेता येईल.

सोयीच्या बाबतीत कॅसिनो पॉइंटला तोड नाही. फेरीने साधारण तासाभरात बेटावरचे ॲव्हलॉन गाव येते, पायऱ्यांवरून थेट पाण्यात शिरता येते आणि केल्प या उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळामधून झिरपणाऱ्या उन्हात केशरी गॅरिबाल्डी मासे आपल्या हद्दीतून पाहुण्याला हुसकावताना दिसतात. तारकर्लीला प्रशिक्षकाच्या आधाराने पाण्याखाली जाऊन आलेल्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतल्यावर सुरुवात इथूनच करावी.

माझे मन तिथून उडाले ते सार्गासम हॉर्नेरी या आशियातून आलेल्या तपकिरी समुद्री शेवाळामुळे. ते २००३ मध्ये लाँग बीच बंदरात सापडले आणि २००६ मध्ये कॅटलिनाला पोहोचले. हिवाळ्यात वाढत जाऊन वसंतात ते खडक असे झाकून टाकते, की ज्या कपारींत लॉब्स्टर आणि मोरे ईल पाहायचे, त्या कपारीच हाताने शेवाळ बाजूला सारून शोधाव्या लागतात. त्यातच प्रेशर गेजची नळी अडकते, ती सोडवताना गाळ उठतो आणि हवा वाया जाते ती वेगळीच. उन्हाळ्यात ते मरते हे खरे, पण मला सुट्टी मिळते ती नेमकी मार्च-एप्रिलमध्ये.

प्लॅटफॉर्मच्या खांबांवर मला ही कटकट जाणवली नाही. तिथे शिंपल्यांचा जाड थर, त्यावर फुलांसारखे दिसणारे गुलाबी स्ट्रॉबेरी ॲनिमोनी, फटींतून हलणारे तारामाशासारख्या ब्रिटल स्टारचे बाहू आणि आपले बुडबुडे जवळ येताच मिटणारे स्कॅलप जातीचे शिंपले असतात; मधूनच सी लायन अंगावर आल्यासारखे झेपावून शेवटच्या क्षणी वळतात. कॅलिफोर्नियाच्या १६ प्लॅटफॉर्मवर आधारित २०१४ च्या अभ्यासात तर समुद्रतळाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे होणारे मत्स्य-उत्पादन जगात मोजल्या गेलेल्या सागरी अधिवासांत सर्वाधिकांपैकी ठरले. तळापासून पृष्ठभागापर्यंत सांगाडा उभा असल्याने थोड्या जागेवर भरपूर कठीण पृष्ठभाग मिळतो आणि प्रवाहाबरोबर आलेल्या रॉकफिशच्या पिल्लांना आसरा सापडतो. अर्थात, यावरून तेलउद्योगाला प्रशस्तिपत्र द्यावे असे मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये एलीहून किनाऱ्याकडे जाणारी पाइपलाइन फुटून सुमारे २५ हजार गॅलन तेल याच पाण्यात सांडले होते.

अडचणी इथेही आहेत. बोट नांगर न टाकता दूर थांबते, परवानगी दर वेळी मिळेलच असे नाही, लाटेबरोबर शरीर वर-खाली होत राहते आणि एलन-एलीखाली तळ सुमारे ८० मीटरवर, तर युरेकाखाली २१० मीटरच्या आसपास असल्याने एकाच खोलीवर स्थिर राहणे ज्याला नीट जमत नाही, त्याने हा बेत पुढे ढकलणेच योग्य. ते जमत असेल आणि प्रवास वसंतातला असेल, तर मी बोटवाल्याशी आधी बोलून युरेकाचीच जागा राखून ठेवीन आणि कॅटलिना ऑगस्टसाठी ठेवीन.