बीएस-६ डिझेल, सोलापुरात चौदा महिने: चाचणीतला धूर आणि रस्त्यावरचा

१.५ लिटर डिझेल इंजिनची गाडी, १९,००० किलोमीटर. मायलेजवर बरंच लिहून झालंय, म्हणून इथे फक्त धुराबद्दल.

नव्या मॉडेलच्या मंजुरीची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. १,१८० सेकंद, खोलीत २० ते ३० अंश, एसी बंद, कमाल वेग ताशी ९०. त्यातला पिकअप इतका सावकाश असतो, की आपल्या सात रस्ता चौकात तसा कुणीच घेत नाही. जोरात पाय दिला की इंजिनाला जास्त हवा लागते, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) मिटतो आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. बीएस-६ या धुराच्या नियमात त्यांची मर्यादा किलोमीटरला ८० मिलिग्रॅम आहे (आधीच्या बीएस-४ला २५० होती), पण ती त्या रोलरवरची. युरियावाली एससीआर (नायट्रोजन ऑक्साइड मोडणारी यंत्रणा) साधारण २०० अंशांना कामाला लागते. जुळे सोलापूर ते नवी पेठ अंतरात ती तापेपर्यंत गाडी पार्क झालेली असते. वर आपला मे महिना ४० पार. ठरावीक तापमानाबाहेर इंजिन जपायला काही गाड्या ईजीआर कमी करतात. २०१५चं फोक्सवॅगन प्रकरण सॉफ्टवेअरच्या फसवणुकीचं होतं, पण एवढी तफावत फसवणुकीशिवायही पडते.

एप्रिल २०२३पासून रस्त्यावरची चाचणीही बंधनकारक झाली. सेकंडहँड डिझेल बघताना त्यामुळे बनावटीचा महिना आधी बघा. पीयूसीवर विसंबू नका, तिथे डिझेलच्या धुराची फक्त दाटी मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत.

खरा त्रास डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा. काजळी जाळायला तिथे ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, ती गावातल्या गर्दीत मिळत नाही. आयडलिंग वाढलं, अ‍ॅव्हरेज अचानक पडलं, गाडी बंद केल्यावरही फॅन फिरत राहिला, तर रीजनरेशन (काजळी जाळायचं काम) अर्धवट तुटलंय. बाळ्यावरून मोहोळच्या दिशेने हायवेला काढा, २,००० आरपीएमच्या वर २० मिनिटं सलग, मध्ये बंद करू नका. रोजचा फेरा आसरा ते पार्क चौक एवढाच असेल तर सरळ पेट्रोल घ्या.

रीजनरेशन वारंवार तुटलं की बहुतेक गाड्यांत त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी बघा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर ऑइल लगेच बदला, पातळ ऑइलने टर्बोचं बेअरिंग जातं. ऑइल कमी राखेचंच, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं. राख जळत नाही, फिल्टरमध्ये कायमची साठते. ‘ईजीआर ब्लँक (कायमचा बंद) करून देतो, डीपीएफ काढून टाकतो’ म्हणणाऱ्या गॅरेजला ठाम नाही म्हणा; तो विषारी धूर गल्लीतल्या पोरांच्याच छातीत जातो.